जुन्या स्पोर्ट्स कारचे दुर्मीळ इनटेक मॅनिफोल्ड कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव-गाव नसलेला जुना मॅनिफोल्ड हातात पडला की लोक जे प्रश्न पाठवतात ते फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर आहे साधारण १९४५ ते १९७५ या काळातल्या ब्रिटिश, इटालियन, जर्मन आणि जपानी गाड्यांवर. अमेरिकन गाड्या गरजेपुरत्या येतात. फ्युएल इंजेक्शनचे मॅनिफोल्ड फक्त गफलत टाळण्यासाठी घेतले आहेत.

१. इनटेक मॅनिफोल्ड नेमकं काय करतो, आणि तो गाडीवेगळा सापडतो तरी कसा?

कार्ब्युरेटरमध्ये तयार झालेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडर हेडच्या तोंडांपर्यंत, म्हणजे पोर्टपर्यंत, पोचवणारा हा ओतीव भाग. त्यात हलणारं काहीच नाही, त्यामुळे झीज जवळपास नाही. तो तडकतो, वाकतो किंवा कुजतो, एवढंच. गाडी भंगारात गेली तरी हा शाबूत राहतो. शिवाय त्या काळी वेग वाढवायचा पहिला उपाय म्हणजे मोठे कार्ब्युरेटर. ते बसवले की मूळ मॅनिफोल्ड फळीवर जायचा, आणि पुढे कोणी गाडी मूळ रूपात आणली की शर्यतीचा मॅनिफोल्ड त्याच फळीवर यायचा. बहुतेक अनाथ मॅनिफोल्डांची कुळकथा इतकीच असते.

२. आधी नंबर शोधू ना?

नका शोधू. नंबर शेवटून दुसरा. पहिली पाहायची ती हेडला टेकणारी बाजू, कारण ती एकाच इंजिनाच्या कुटुंबासाठी बनलेली असते आणि तिच्यात फारशी लबाडी करता येत नाही. मग कार्ब्युरेटरची बाजू. मग जास्तीची भोकं, उंचवटे, नळ्या. त्यानंतर नंबर, आणि सगळ्यात शेवटी ओतकामाचा पोत. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट या यादीत कुठेच नाही. ती ऐकावी, चहा प्यावा आणि मापं घ्यावीत.

नंबर मागे ठेवण्याचं कारण साधं आहे. नंबर दिसला की माणूस तो शोधयंत्रात टाकतो, एखाद्या महागड्या गाडीचं नाव समोर येतं, आणि मग डोळे तेच पाहू लागतात. आधी मापं लिहून ठेवलेली असली की नंबरला त्या मापांशी जुळावं लागतं.

३. हेडच्या बाजूची कोणती मापं घ्यायची आणि कशी?

पोर्ट किती, गोल की लंबगोल की चौकोनी, प्रत्येकाची रुंदी-उंची, एका पोर्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि स्टडच्या (मॅनिफोल्ड धरणाऱ्या बिनडोक्याच्या बोल्टच्या) भोकांची जागा. मधली अंतरं सगळ्यात महत्त्वाची. पोर्ट कानशीने मोठा करता येतो, पण दोन पोर्टमधलं अंतर कोणी बदलू शकत नाही.

व्हर्नियर हवा, पण त्याहून उपयोगी पडतो छाप. फ्लँजवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या सपाट कडेवर, बोटाने पातळ ग्रीस लावा, सपाट काचेवर ठेवलेल्या कागदावर तो सरळ दाबा आणि उचला. खऱ्या मापाचा नकाशा हातात येतो. घरी स्कॅनर असेल तर काचेवर प्लॅस्टिकचा कागद पसरून फ्लँज तसाच स्कॅन करा. मग ज्या इंजिनाचा संशय आहे त्याचं नवं गॅस्केट विकत घ्या आणि छापावर ठेवा. गॅस्केट स्वस्त असतं आणि त्याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही.

एक लक्षात ठेवा. काही इंजिनांत इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात: बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची) ए आणि बी मालिका, डॅटसन २४०झेडचं एल२४. तिथे दोन्ही मॅनिफोल्डांना मिळून एकच लांब गॅस्केट येतं आणि काही स्टडवरचा एकच वायसर दोन्ही फ्लँज धरतो. अशा फ्लँजच्या कडेला अर्धी कापल्यासारखी खाच दिसते. ती मोडतोड समजू नका.

४. आट्यांवरून काही कळतं का?

देश आणि काळ कळतो. युद्धोत्तर सुरुवातीच्या ब्रिटिश गाड्यांत बीएसएफ आणि व्हिटवर्थ हे जुने ब्रिटिश आटे, पन्नाशीच्या दशकापासून हळूहळू यूएनएफ, म्हणजे इंचातलेच पण नव्या प्रमाणाचे. इटालियन, जर्मन, जपानी गाड्यांत मेट्रिक. पण नुसत्या व्यासावर जाऊ नका: ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आणि मेट्रिकचा ८ मिमी त्याला जवळजवळ चिकटलेला. आट्यांचा गेज लावल्याशिवाय फरक दिसत नाही. ५/१६ यूएनएफला इंचात २४ आटे, ५/१६ बीएसएफला २२. व्हिटवर्थ घराण्याच्या आट्याचा कोन ५५ अंश, यूएनएफ आणि मेट्रिकचा ६०.

यातला नामी अपवाद म्हणजे एमजी टीसी (१९४५ ते १९४९) आणि तिच्या भावंडांचं एक्सपीएजी इंजिन. गाडी अस्सल ब्रिटिश, पण इंजिनात मेट्रिक आटे आणि त्यांच्यावर व्हिटवर्थ पान्याची डोकी! मॉरिसने कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला होता आणि तिथली यंत्रं मेट्रिक होती, म्हणून हा घोळ. मेट्रिक आटे पाहून कोणी एमजीचा मॅनिफोल्ड इटालियन ठरवला तर त्याला दोष देता येत नाही.

५. कार्ब्युरेटरच्या बाजूवरून कुठला कार्ब होता हे सांगता येईल का?

बहुतेक वेळा येतं. एका कार्बला एकच गोल भोक असेल तर एसयू, झेनिथ-स्ट्रॉमबर्ग किंवा हिताचीचा एसयू धाटणीचा कार्ब धरा. एसयूच्या नावातच माप लपलेलं असतं: एच, एचएस किंवा एचडीच्या पुढचा आकडा म्हणजे १ इंचावर किती अष्टमांश. म्हणून एचएस२ म्हणजे १¼ इंच, एचएस४ म्हणजे १½, एच६ म्हणजे १¾, एचडी८ म्हणजे पूर्ण २ इंच. स्ट्रॉमबर्गचं त्याहून सोपं: १५०सीडी म्हणजे १.५० इंच, १७५सीडी म्हणजे १.७५.

आडव्या बाजूला शेजारी-शेजारी दोन भोकं आणि त्यांच्या मध्यांत ९० मिमी अंतर असेल तर तो वेबर डीसीओईचा मॅनिफोल्ड. पण डेलॉर्तो डीएचएलए आणि मिकुनी-सोलेक्स पीएचएच हेही त्याच अंतरावर बसतात, त्यामुळे फक्त यावरून 'वेबरचा' असं छातीठोक सांगता येत नाही. आल्फा रोमिओने तर आपल्या १७५० आणि २००० मॉडेलांवर वेबर, डेलॉर्तो आणि सोलेक्स असे तिन्ही वापरले.

आणखी एक गैरसमज नेहमी दिसतो. ४० डीसीओईमधले ४० मिमी हे थ्रॉटलच्या भोकाचं माप आहे, आतल्या चोकचं, म्हणजे हवा आवळणाऱ्या अरुंद नळीचं, नव्हे. शिवाय ४० आणि ४५ डीसीओईचे स्टड एकाच जागी येतात. त्यामुळे भोक ४५ मिमी आहे म्हणून मॅनिफोल्ड ४५ चाच होता असं होत नाही, तो ४० चा असून नंतर मोठा केलेला असू शकतो. भोकात बोट फिरवून पाहा: मूळ यंत्रकामाची कड एकसारखी लागते, हाताने मोठं केलेलं भोक आत गेल्यावर कुठेतरी पायरी सोडतं.

भोकं वरच्या बाजूला उघडत असतील तर उभे कार्ब: वेबर आयडीए, आयडीएफ, डीसीएन, सोलेक्स, झेनिथ. पोर्श आणि फेरारीची वाट इथून सुरू होते. फेरारी २५० टेस्टा रोसा आणि २५० जीटीओ दोघींवर सहा-सहा वेबर ३८ डीसीएन होते.

६. कार्ब्युरेटरवर एयूसी नंबर आहे. त्यावरून मॅनिफोल्ड कळेल?

कार्बसुद्धा कळणार नाही, मॅनिफोल्ड दूरच. एसयूच्या अंगावर ओतलेला एयूसी नंबर त्या एका ओतीव भागाचा असतो आणि तोच भाग कितीतरी गाड्यांवर जातो. कुठल्या गाडीसाठी कार्ब जुळवला होता हे फ्लोट चेंबरच्या झाकणाच्या स्क्रूखाली असलेल्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तीन-चारदा कार्ब उघडला गेला की ती पट्टी हरवते. ती जागेवर असेल तर तिचा फोटो पहिला काढा. तरीही जुळलेला कार्ब आणि मॅनिफोल्ड एकत्र जन्मले असा पुरावा त्यातून मिळत नाही.

७. माझं इंजिन चार सिलिंडरचं, पण मॅनिफोल्डला दोनच तोंडं. चुकीचा तर नाही ना?

बरोबर असण्याची शक्यता जास्त. बीएमसीच्या ए आणि बी मालिकेच्या हेडमध्ये, म्हणजे मिनी, स्प्राइट, एमजीए, एमजीबी यांत, शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एकच इनटेक तोंड असतं. याला सायमीज पोर्ट म्हणतात. हेडला इनटेकची दोन आणि एक्झॉस्टची तीन, अशी एकूण पाच तोंडं. म्हणून एमजीबीवर वेबर बसवताना बहुतेक लोक एकच ४५ डीसीओई लावतात, त्याचं एकेक भोक एकेका जोडपोर्टला. असा एका डीसीओईचा, दोन तोंडांचा मॅनिफोल्ड दिसला तर तो बीएमसीचा असण्याचा दाट संभव. ए की बी, ते प्रश्न ३ मधल्या छापावरून ठरेल.

अपवाद दोन. एमजीए ट्विन कॅमचं (१९५८ ते १९६०) हेडच वेगळं, इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या. आणि साध्या बी मालिकेसाठी एचआरजी-डेरिंग्टन नावाचं अ‍ॅल्युमिनियमचं क्रॉसफ्लो (म्हणजे असंच दोन बाजूंचं) हेड मिळत असे, त्याचा मॅनिफोल्ड मूळ एमजीएच्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही. असा मॅनिफोल्ड हेडशिवाय सापडला तर वर्षानुवर्षं 'कशाचा कोण जाणे' म्हणून पडून राहतो.

८. कास्टिंग नंबर आणि पार्ट नंबर एकच ना?

नाही, आणि अर्धे वाद इथेच होतात. कास्टिंग नंबर साच्यात असतो, तो ओतलेल्या कच्च्या तुकड्याचा. पार्ट नंबर त्यावर यंत्रकाम होऊन, स्टड-प्लग बसून तयार झालेल्या वस्तूचा. एकाच ओतीव तुकड्याला वेगवेगळी भोकं पाडून दोन-तीन पार्ट नंबर निघू शकतात. पार्ट कॅटलॉगमध्ये छापलेला नंबर मॅनिफोल्डवर सापडला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

कंपनीनिहाय खुणा थोडक्यात. आल्फाचे नंबर बऱ्याचदा मॉडेल मालिकेने सुरू होतात: ७५० आणि १०१ जुलिएटा घराण्याचे, १०५ जुलियाचे. पोर्शमध्ये पहिले तीन आकडे इंजिनाच्या किंवा गाडीच्या प्रकाराचे: ६१६ म्हणजे ३५६ चं पुशरॉड इंजिन, ९०१ म्हणजे सुरुवातीची ९११. फोर्डमध्ये पहिलं अक्षर दशक सांगतं (सी म्हणजे साठचं, डी म्हणजे सत्तरचं), पुढचा आकडा वर्ष, पुढचं अक्षर गाडी, आणि शेवटचा ई म्हणजे इंजिन विभाग. म्हणजे सी५झेडई वाचायचं ते १९६५, मस्टँग, इंजिन असं. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० च्या खास भागांवर एस१एमएस असा वेगळाच उपसर्ग येतो.

एक इशारा: फोर्डचा हा कोड रेखाटनाचं वर्ष सांगतो, ओतल्याचं नव्हे. १९६५ चा तुकडा नंतरही ओतला जाऊ शकतो.

९. मग ओतल्याची तारीख कुठे मिळते?

सगळीकडे मिळत नाही. जनरल मोटर्सच्या ओतकामावर ती सरळ वाचता येते: ए ते एल ही अक्षरं जानेवारी ते डिसेंबर, पुढे दिवस, पुढे वर्षाचा शेवटचा आकडा. 'सी १५ ७' म्हणजे १५ मार्च, साल ५७ किंवा ६७. दशक कुठलं हे कास्टिंग नंबरने ठरवायचं. कॉर्व्हेटच्या अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्डवर बर्फाच्या फुलासारखी खूण दिसली तर ती विंटर्स फाउंड्रीची.

गाडी बनल्याच्या तारखेआधी काही दिवस ते काही महिने ओतलेला मॅनिफोल्ड असणं स्वाभाविक. गाडीच्या नंतर ओतलेला असेल तर तो त्या गाडीचा मूळ नाही, मग तो कितीही अस्सल असो.

१०. कुठेच नंबर नाही. भंगार समजू?

अजिबात नाही. गंमतीदार वस्तू बऱ्याचदा इथेच असतात. पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडात डेरिंग्टन, अलेक्झांडर, मँगोलेट्सी, स्पीडवेल, डाउनटन असे कितीतरी ट्यूनर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणारे, स्वतःचे मॅनिफोल्ड विकत. इटलीत नार्दी, अबार्थ, सियाटा. लान्चिया ऑरेलियासाठी नार्दीचा जोड-कार्ब संच तर त्या काळी नावाजलेला होता. यांतल्या काहींनी नाव ठसठशीत ओतलं, काहींनी फक्त आद्याक्षरं, आणि छोट्या वर्कशॉपनी काहीच नाही.

नंबर नसेल तर तीन गोष्टी पाहा. मुद्दाम घासून काढल्याची सपाट जागा आहे का? असली तर का काढला हा प्रश्न उभा राहतो. दुसरं, अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीसाठीचे उंचवटे कुठल्या बाजूला आहेत? त्यावरून कधी कधी उजव्या की डाव्या सुकाणूची गाडी हे सुचतं. तिसरं, पोकळ भोकं आणि नळ्या. दोन एसयूच्या मॅनिफोल्डला दोघांना जोडणारी समतोल नळी असते. ब्रेक सर्व्होची नळी असेल तर सर्व्हो असलेली गाडी, किंवा नंतर कोणीतरी पाडलेलं भोक. गरम पाण्याचे मार्ग रस्त्यावरच्या गाडीचे, शर्यतीच्या तुकड्यात ते सहसा नसतात. आणि एक्झॉस्ट गॅस परत आत घेणाऱ्या ईजीआर झडपेची बैठक दिसली तर सरळ सत्तरच्या दशकातली, बहुधा अमेरिकेला निर्यात झालेली गाडी.

११. धातू कोणता हे कसं कळेल?

लोहचुंबक चिकटला तर बीड. नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम. मॅग्नेशियम घनतेने अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण दोन-तृतीयांश (१.७४ आणि २.७), हातात घेताच 'अरे, एवढा हलका?' असं वाटतं. आतल्या न दिसणाऱ्या जागी व्हिनेगरचा एक थेंब टाका: मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, अ‍ॅल्युमिनियम ढिम्म राहतं.

मॅग्नेशियमचा संशय असेल तर ग्राइंडरला हात लावू नका. त्याचा भुसा पेट घेतो आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर आग भडकते. हे कोपऱ्यावरच्या वेल्डरला सांगितल्याशिवाय तुकडा त्याच्या हाती देऊ नका.

१२. नक्कल कशी ओळखायची?

अ‍ॅल्युमिनियम ओतल्यावर थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं. मूळ कारखाना साचा तेवढा मोठा बनवतो. पण कोणी अस्सल मॅनिफोल्डच साचा म्हणून वाळूत दाबला आणि त्यावरून ओतला, तर नवा तुकडा तेवढाच लहान निघतो. ४०० मिमी लांबीवर हा फरक ५ मिमीच्या आसपास जातो, साध्या पट्टीनेही दिसतो.

नक्कल करणाराही खुळा नसतो. तो स्टडची भोकं योग्य अंतरावरच पाडतो, नाहीतर मॅनिफोल्ड बसणारच नाही. म्हणून भोकं मोजू नका, भोकांभोवतीचे उंचवटे पाहा. मधल्या स्टडचं भोक उंचवट्याच्या मधोमध आणि टोकांची भोकं बाहेरच्या कडेकडे सरकलेली, असं दिसलं की काय ते समजा. पोर्टच्या तोंडाशीही तेच: मधली तोंडं नीट, टोकाची एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ.

बाकीच्या खुणा दुय्यम. अक्षरांच्या कडा गुळगुळीत, बसक्या. फ्लँजवर आधुनिक सीएनसीच्या एकसारख्या गोल रेषा. सगळीकडे एकसारखी राखाडी झळाळी, म्हणजे काचेच्या मण्यांचा मारा केलेला. हा मारा अस्सल तुकड्यांवरही होतो, त्यामुळे त्यावरून निकाल देऊ नका. पण खड्डे, तडे आणि वेल्डिंग झाकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, एवढं लक्षात असू द्या.

उघडपणे नक्कल म्हणून विकलेल्या चांगल्या मॅनिफोल्डबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गाडी चालवायला तो कित्येकदा मूळ तुकड्यापेक्षा बरा.

१३. असं होऊ शकतं का की गाडीला मॅनिफोल्डच नव्हता?

हो, आणि यामुळे लोक नसलेली वस्तू शोधत बसतात. ऑस्टिन-हीली १००-६ च्या सुरुवातीच्या हेडमध्ये इनटेकची गॅलरी हेडमध्येच ओतलेली होती. १९५७ च्या अखेरीस सहा पोर्टचं हेड आलं तेव्हा वेगळा मॅनिफोल्ड आला. 'मला १९५६ च्या १००-६ चा अस्सल मॅनिफोल्ड मिळाला' असं कोणी म्हणालं तर हसू आवरा.

लोटस-फोर्ड ट्विन कॅमचंही तसंच. वेबरच्या हेडला चार नळकांडी हेडसकट ओतलेली, डीसीओई थेट तिथे बसतात. १९६८ च्या अखेरीस एलानवर स्ट्रॉमबर्ग आले ते वेगळ्या ओतकामाच्या हेडसह. त्यामुळे तिथे कार्ब बदलायचे म्हणजे हेड बदलण्यापर्यंत मजल जाते. फियाट ६०० च्या साध्या इंजिनातही इनटेकचा मार्ग हेडमध्येच आहे.

१४. जॅग्वारच्या तीन-कार्ब मॅनिफोल्डमध्ये अस्सल कोणता?

कुठल्या गाडीसाठी, यावर आहे. एक्सके१२० ला दोन एच६. तीन एचडी८ आले एक्सके१५० एस वर १९५८ मध्ये, मग १९६१ मध्ये ई-टाइपवर. ३.८ ई-टाइपचा इनटेक वेगवेगळ्या तीन तुकड्यांत आणि वर पाण्याची वेगळी नळी. १९६४ मध्ये ४.२ इंजिन आलं तेव्हा हे सगळं एकाच ओतकामात गेलं. त्यामुळे ३.८ चे तुकडे सुटे सापडतात आणि तिन्ही एकाच मूळ संचातले आहेत का, हा प्रश्न उरतो. ओतकामाचा पोत, रंग आणि गंजाची पातळी तिघांची सारखी असावी.

अमेरिकेला गेलेल्या १९६८ च्या सुमाराच्या गाड्यांवर दोन स्ट्रॉमबर्ग आणि प्रदूषण नियमांसाठीचा गुंतागुंतीचा मॅनिफोल्ड येतो. तो दुर्मीळ नाही, फक्त लोकांनी काढून टाकल्यामुळे कमी दिसतो. आज मूळ रूपाचा आग्रह धरणारे तोच शोधत फिरतात!

आणि 'सी-टाइपचा वेबर मॅनिफोल्ड' म्हणून कोणी काही दाखवलं तर आधी कार्बची जागा पाहा. १९५३ ला ल मांची शर्यत जिंकणाऱ्या सी-टाइपवर ४० डीसीओ३ होते, डी-टाइपवर ४५ डीसीओ३. नंतर सर्वत्र पसरलेला डीसीओई तिथे नव्हता.

१५. ट्रायम्फ टीआर२ आणि टीआर३ चे मॅनिफोल्ड अदलाबदल करता येतात का?

हेड कुठलं त्यावर. टीआर२ चं हेड 'लो पोर्ट' (इनटेकची तोंडं खालच्या पातळीवर), टीआर३ मध्ये १९५६ च्या सुमारास 'हाय पोर्ट' (तोंडं वरच्या पातळीवर) आलं. मधे थोडा काळ ज्याला 'ल मां' हेड म्हणतात तेही होतं. गाडी टीआर३ आहे म्हणून हेड हाय पोर्टच असेल असं धरू नका. टीआर२ ला १½ इंची एच४, टीआर३ ला १¾ इंची एच६. म्हणून लो पोर्टचा फ्लँज आणि मोठं कार्बचं भोक ही जोडी दिसली तर ती सुरुवातीच्या टीआर३ ची असू शकते. संख्येने कमी, आणि सहसा ओळखली न गेलेली.

१६. ऑस्टिन-हीली १०० चा मॅनिफोल्ड '१००एमचा' म्हणून विकला जातोय. खरं असेल?

मॅनिफोल्ड खरा असेल, दावा अर्धाच. २.६ लिटरच्या या इंजिनावर साध्या गाडीत १½ इंची कार्ब होते. १००एम या ताकद वाढवलेल्या प्रकारात १¾ इंची एच६, त्यांचा वेगळा मॅनिफोल्ड आणि थंड हवेची पेटी आली. पण हाच 'ल मां' संच सुटा विकत मिळायचा आणि जुन्या गाड्यांवर बसवला जायचा. त्यामुळे मॅनिफोल्डवरून 'संच अस्सल आहे' एवढंच सिद्ध होतं, 'गाडी कारखान्यात बनलेली १००एम आहे' हे नाही. त्यासाठी गाडीची कागदपत्रं लागतात.

असाच प्रकार शेव्हरोले कॅमेरो झेड/२८ च्या 'क्रॉस-रॅम' मॅनिफोल्डचा. १९६८-६९ मध्ये शर्यतीसाठी तो डीलरच्या काउंटरवर विकला गेला. 'गाडी कारखान्यातून असाच घेऊन निघाली' हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवा.

१७. पोर्श ९११ च्या सोलेक्स आणि वेबर मॅनिफोल्डमध्ये फरक कसा ओळखायचा?

सुरुवातीच्या ९११ वर सोलेक्स ४० पीआय होते, दर बाजूला तीन सुटे कार्ब. १९६६ च्या सुरुवातीला त्यांची जागा तीन भोकांच्या वेबर ४० आयडीएने घेतली, दर बाजूला एक. म्हणून वरचा फ्लँज सुटा की एकसंध, यावर फैसला. सोलेक्सचे भाग मोजक्या काळातले, आणि तेव्हा अनेक मालकांनी कंटाळून वेबर लावले. साहजिकच आज सोलेक्सचा पूर्ण संच जास्त शोधला जातो. ३५६ मध्ये झेनिथ ३२ एनडीआयएक्स आणि सुपर ९० चे सोलेक्स ४० पीआयआय-४ असाच वाद असतो. दोन्ही दुहेरी कार्ब असल्यामुळे तिथे भोकाचं माप आणि स्टडच्या जागा मोजण्याला पर्याय नाही.

१८. जपानी गाड्यांचं काय?

इथे 'मिकुनी-सोलेक्सचा मॅनिफोल्ड' एवढ्यावर किंमत तिप्पट सांगतात. टोयोटा २०००जीटी आणि निस्सान फेअरलेडी झेड४३२, दोघींवर तीन ४० पीएचएच. पण झेड४३२ चं एस२० इंजिन २४ झडपांचं आणि क्रॉसफ्लो, तर साध्या २४०झेडच्या एल२४ मध्ये इनटेक-एक्झॉस्ट एकाच बाजूला. एल मालिकेसाठी तीन सोलेक्सचे मॅनिफोल्ड अजूनही नवे बनतात. फ्लँजला एक्झॉस्टशी वायसर वाटून घेण्याची खाच (प्रश्न ३) असेल तर तो एल मालिकेचा, झेड४३२ चा नव्हे. फेअरलेडी २००० रोडस्टरला दोन ४४ पीएचएच मिळायचे. चार सिलिंडरचा हा मॅनिफोल्ड मात्र खरोखर विरळा.

१९. आल्फाचा स्पिका मॅनिफोल्ड कार्बसाठी वापरता येईल?

नाही. १९६९ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आल्फांवर स्पिकाचं यांत्रिक इंजेक्शन होतं, त्याचं इनटेक वेगळंच. कार्बच्या आल्फात मॅनिफोल्ड आणि कार्ब यांच्यामध्ये रबर चिकटवलेले जोड असतात. ते जुने झाले की तडकतात आणि इंजिन तिथून हवा ओढतं. मॅनिफोल्ड विकत घेताना हे जोड सोबत आले तर आनंद माना, पण वापरायला नवेच आणा.

२०. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. इटालियन फियाट ११०० चा ट्यूनिंग मॅनिफोल्ड बसेल का? आणि नोंदणीला अडचण?

कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं १०८९ घ.सेंमी.चं इंजिन फियाट ११०० च्याच घराण्यातलं, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. पण ११०० ची इंजिनं वर्षांगणिक बदलली. आधी आपल्या हेडचं गॅस्केट घ्या, विकणाऱ्याकडून फ्लँजचा ग्रीसचा छाप मागवा, आणि मग पैशांचं बोला.

नोंदणीबाबत: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, बिगर-व्यावसायिक गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. स्टडवर बसणारा, उलटवता येणारा मॅनिफोल्ड त्यात मोडतो का यावर वाद घालता येईल. मी असतो तर तपासणीला मूळ मॅनिफोल्ड लावून गेलो असतो.

२१. ओळख पटवण्यासाठी फोटो कसे पाठवू?

हेडची बाजू आणि कार्बची बाजू अगदी समोरून, शेजारी मिमीची स्टीलची पट्टी ठेवून. मोबाइल जवळ नेऊ नका. मीटरभर लांब राहून झूम करा, म्हणजे मापं वाकडी दिसत नाहीत. नंबरवर खडू घासून, किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून छाप घ्या. वजन लिहा. आधी धुवायचं असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश. वायर ब्रश आणि सँडब्लास्टिंग नको, कारण जुन्या रंगाचा थर, फाउंड्रीची खूण आणि गॅस्केटचा उमटलेला ठसा हे तिन्ही त्यात जातात. गॅस्केटचा जुना तुकडा फ्लँजला चिकटलेला असेल तर तो खरवडू नका, त्याचाही फोटो पाठवा.